चार अक्षरं: लिहायची, पण वाचायची नाहीत

खाडीकाठ

मंडळी, विषय आडवाटेचा आहे आणि मी काही अभ्यासक नाही. डीटीपीवाला आहे. रायगडात तालुक्याच्या गावी छोटं दुकान आहे. लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, वाढदिवसाचे बोर्ड, असलं काम.

दिवाळीनंतर ओळखीचे एक बेने इस्राएली (म्हणजे कोकणातले मराठी बोलणारे यहुदी) काका आले. घरच्या कार्यासाठी वीस पानी पुस्तिका करायची होती, एका बाजूला हिब्रू प्रार्थना, समोर मराठी अर्थ. हिब्रू उजवीकडून डावीकडे जाते, त्यामुळे कॉपी-पेस्ट केलं की ओळीच्या ओळी उलट्या पडतात. दोन रात्री त्यातच गेल्या. पानांचे आकडेही त्यांना हिब्रू अक्षरांत हवे होते. तिथे अक्षरालाच किंमत असते: आलेफ १, बेत २, असं करत योद १०. मग ११ म्हणजे योद-आलेफ, १२ म्हणजे योद-बेत. पद्धत कळली म्हटल्यावर मी भराभर वीसपर्यंत आकडे टाकले आणि प्रूफ काढलं.

काकांनी मजकुराकडे बघितलंच नाही. थेट पान १५ उघडलं. "वाटलंच मला. योद-हे नाही करायचं. टेत-वाव कर. नऊ आणि सहा." पान १६ लाही तेच. योद-वाव नको, टेत-झायिन, म्हणजे नऊ आणि सात. का, तर योद-हे आणि योद-वाव हे देवाच्या नावाचे तुकडे होतात, आणि ते पानाचा नंबर म्हणून वापरायचे नाहीत.

सवयीने मी प्रूफ चुरगाळून टोपलीकडे हात नेला, तर त्यांनी मनगटच धरलं. "अरे, केरात नको टाकूस. आत नाव आहे. जेवढी खराब पानं निघतील तेवढी माझ्याकडे दे." चुरगाळलेला कागद त्यांनी टेबलावर तळहाताने सरळ केला, चार घड्या घातल्या आणि पिशवीत ठेवला. असे कागद साठवून नंतर पुरतात.

दुसरी चूक पान ८ वर. एका ओळीत योद-हे आणि वाव-हे अशा दोन जोड्या होत्या आणि प्रत्येक जोडीत मध्येच दोन बारीक तिरक्या रेघा. मला वाटलं, कुठूनतरी आलेली अवतरणचिन्हं आहेत. मी साफ करून टाकली. काका हसले. "त्या रेघा परत घाल. नाव तिथे तोडूनच लिहिलंय. जोडायचंय म्हणून तर ती ओळ म्हणायची."

त्या ओळीच्या मागे मी गेले चार महिने लागलोय. जे कळलं ते लिहितो, चुकलं तर कान धरा.

हिब्रू बायबलात देवाचं खास नाव चार अक्षरांचं: योद, हे, वाव, हे. सुमारे ६८०० वेळा येतं. पण वाचताना तिथे 'अदोनाय' (माझे प्रभू) म्हणतात, आणि प्रार्थनेबाहेर नुसतं 'हाशेम', म्हणजे 'ते नाव'. जेरुसलेमचं मंदिर उभं होतं तोवर पुरोहित आशीर्वाद देताना ते लिहिल्याप्रमाणे उच्चारत. योम किप्पूरला, म्हणजे प्रायश्चित्ताच्या दिवशी, महापुरोहित ते उच्चारायचा तेव्हा अंगणातले लोक जमिनीवर पालथे पडत. इ. स. ७० मध्ये रोमनांनी मंदिर पाडलं. तालमूद (यहुदी धर्मचर्चांचा जुना ग्रंथ) म्हणतो की ज्ञानी लोक हा उच्चार शिष्यांना सात वर्षांतून एकदा सांगत. पुढे तोही थांबला. आज खरा उच्चार खात्रीने सांगता येईल असं कुणी नाही.

इथवर हा नुसता सोवळ्याचा प्रकार वाटेल. कब्बालावाल्यांनी, म्हणजे यहुदी गूढवाद्यांनी, यात भलतंच काही पाहिलं. त्यांच्या लेखी ही चार अक्षरं म्हणजे विश्वाचा आराखडा. मूळ जे आहे त्याला ते 'एन सोफ' म्हणतात, अंत नसलेलं. त्याला नावही पोचत नाही. नाव सुरू होतं ते त्याच्यातून उमटलेल्या दहा सेफिरांपासून, म्हणजे दैवी गुणांपासून. योद हे अक्षर जेमतेम ठिपक्याएवढं, वर एक बारीक काटा. तो काटा म्हणजे पहिली सेफिरा केतेर, आणि ठिपका म्हणजे होखमा, विचाराची पहिली चमक. पहिला हे म्हणजे बिना. ठिपका पसरला, त्याला लांबी-रुंदी आली. वावची किंमत सहा आणि आकार वरून सोडलेल्या दोरीसारखा, म्हणून मधल्या सहा सेफिरा. आणि शेवटचा हे म्हणजे मालखुत, तीच शेखिना: देवाचं इथलं, माणसांत वावरणारं सान्निध्य. तिला ते स्त्रीरूपात बघतात.

आता गंमत अशी की ही शेखिना परागंदा आहे. लोक देशोधडीला लागले तेव्हा तीही त्यांच्याबरोबर निघाली. म्हणजे नावातला शेवटचा हे बाकीच्या अक्षरांपासून तुटला. पान ८ वरच्या ओळीचा अर्थ साधारण असा: पवित्र, धन्य अशा त्याच्या आणि त्याच्या शेखिनेच्या ऐक्यासाठी, भीतीने आणि प्रेमाने, प्रेमाने आणि भीतीने, योद-हे हे वाव-हेशी पुरतं जुळावं म्हणून, सगळ्या इस्राएलच्या नावाने. एखादं धर्मकृत्य करण्याआधी हे म्हणायचं. शाल पांघरताना, दानपेटीत नाणं टाकताना. सोळाव्या शतकात गालिलमधल्या (आजचा उत्तर इस्राएल) सफेद या गावी जे कब्बालावाले जमले होते त्यांच्या वर्तुळातून हे रुजलं आणि सेफर्दी (मूळ स्पेनकडच्या यहुद्यांच्या) प्रार्थनापुस्तकांत आजही छापतात. बेने इस्राएलांची प्रार्थनापद्धत सेफर्दी, त्यामुळे ते काकांच्या पुस्तिकेत आलं.

मला अडकवणारी गोष्ट ही. 'देव एकच' यावर ज्यांचा सगळा धर्म उभा, तेच म्हणतात की देवाचं नाव आज दोन तुकड्यांत आहे, आणि पेटीत नाणं टाकणारा साधा माणूस ते जोडतो. मग ऐक्य आहे, की व्हायचं आहे?

निंबोणी

सुंदर धागा, वाचतेय. ते १५ नंबरचं पान डोळ्यांपुढून जात नाही. एक शंका: मग 'यहोवा' कुठून आलं? आमच्या शाळेत ख्रिस्ती बाई होत्या, त्यांच्या तोंडी असायचं.

खाडीकाठ

@निंबोणी, वाचण्यातल्या घोळातून. जुन्या हिब्रूत फक्त व्यंजनं लिहीत. पुढे मासोरेट म्हणवणाऱ्या पंडितांनी स्वरांच्या खुणा घालायला घेतल्या. या चार अक्षरांपाशी आल्यावर त्यांनी 'अदोनाय'चे स्वर खुणेदाखल लावले, की बाबा, इथे ते वाच. ही खूणगाठ ज्यांना ठाऊक नव्हती त्यांनी एकाची व्यंजनं आणि दुसऱ्याचे स्वर मिळून सरळ वाचून टाकलं. दुकानाच्या पाटीवर 'नारळ मिळतील' असं लिहून खाली कुणी पेन्सिलीने 'उद्या' लिहावं आणि गिऱ्हाइकाने 'उद्या नारळ' हे दुकानाचं नाव समजावं, तसं झालं.

दगडधोंडे

थोडी भर. हे नाव कायमच असं झाकलेलं नव्हतं. १८६८ मध्ये आज जॉर्डनमध्ये असलेल्या धिबानला मोआबचा राजा मेशा याचा शिलालेख सापडला, इ. स. पू. नवव्या शतकातला, सध्या पॅरिसच्या लूव्रमध्ये आहे. त्यात शत्रूच्या देवाचं म्हणून हे चार अक्षरी नाव स्पष्ट कोरलंय. लाखीशच्या किल्ल्यात खापरांवर शाईने लिहिलेली पत्रं मिळाली, इ. स. पू. सहाव्या शतकाच्या सुरुवातीची. बाबिलोनची फौज दारात, आणि सैनिक वरिष्ठाला लिहितोय की तो (इथे चार अक्षरं) माझ्या धन्याला खुशालीची वार्ता ऐकवो. आपण 'श्रीकृपेने सर्व कुशल' लिहायचो तसं.

मृत समुद्राकाठच्या कुमरानच्या गुंडाळ्यांत, १९४७ पासून सापडलेल्या, चित्र बदललेलं दिसतं. बाकी मजकूर नेहमीच्या लिपीत, पण हे नाव काही ठिकाणी मुद्दाम जुन्या, वापरातून गेलेल्या लिपीत. काही ठिकाणी तर नुसते चार ठिपके. लिहिणाऱ्याचा हात तिथे थबकलेला कागदावर, म्हणजे चामड्यावर, दिसतो.

सोऽहम्

धागाकर्त्यांनी उगाच गुंता केला आहे. 'ऐक्य आहे की व्हायचं आहे' हा प्रश्नच अज्ञानातून येतो. एकच आहे, दुसरं नाहीच. त्यांच्याच लोकांनी हे म्हटलंय. ल्यादीचे श्नेऊर झाल्मन (१७४५-१८१२), हसिदी, म्हणजे यहुद्यांमधल्या भक्तिपंथी, परंपरेतली चाबाद शाखा त्यांची. १७९६ मध्ये छापलेल्या त्यांच्या 'तान्या' या ग्रंथात दृष्टांत आहे: सूर्याचा किरण खिडकीतून घरात येतो तेव्हा तो 'किरण' असतो. पण तोच किरण सूर्याच्या गोळ्यात असताना त्याला वेगळं अस्तित्व कुठलं? जग हे असं सूर्याच्या आत असलेल्या किरणासारखं. आहे, पण 'आहे' म्हणावं असं वेगळं काही नाही. हे अद्वैत नाही तर काय?

आकडेमोड

आलं अद्वैत. मी वाटच बघत होतो, चौथ्या प्रतिसादाच्या आत येणार म्हणून.

खाडीकाठ

@सोऽहम्, सूर्यकिरणाचा दृष्टांत झकास आहे, आणि तुमच्या म्हणण्यात तथ्य आहे हे कबूल. श्नेऊर झाल्मन आणि त्यांच्या विरोधी गटातले वोलोझिनचे हायिम हे दोघंही 'त्याच्या बाजूने' आणि 'आपल्या बाजूने' असा फरक करतात. त्याच्या बाजूने सगळं भरून तोच. आपल्या बाजूने जग आहे, बरं-वाईट आहे, पाळायचे नियम आहेत. आपल्याकडच्या पारमार्थिक-व्यावहारिक या जोडीची आठवण होतेच.

पण माझी गाडी पुढे अडते. दोरी आणि सापाच्या दृष्टांतात दोरी आहे हे कळलं की काम झालं. साप मारावा लागत नाही. इथे कळून भागत नाही. नाव जुळलेलं नाही हे कळलं, तरी नाणं पेटीत टाकावंच लागतं. आणि ते टाकल्याने वर काहीतरी खरोखर हलतं असं ते मानतात. देवाला माणसाची गरज आहे म्हणण्यापर्यंत ही मजल जाते. शांकरमतात हे बसवून दाखवा.

अजून एक. बायबलातच इस्राएलच्या हाडवैऱ्याशी, अमालेकशी लढाई होते तिथे 'याहच्या सिंहासनावर हात' असे शब्द येतात. तिथे 'सिंहासन' या शब्दात एक अक्षर कमी आहे आणि नावही अर्धंच, योद-हे एवढंच. अकराव्या शतकातले भाष्यकार राशी म्हणतात की अमालेकचा मागमूस पुसला जात नाही तोवर नाव पुरं नाही आणि सिंहासनही पुरं नाही. म्हणजे सफेदच्या आधी पाचेकशे वर्षं, कब्बाला न सांगणारा माणूसही नाव अपुरं असल्याचं बोलत होता.

अश्दोदची मावशी

नमस्कार सगळ्यांना. मी बेने इस्राएल, ठाण्याची, तीस वर्षं झाली इकडे इस्राएलमध्ये येऊन. मराठी टाइप करायला नातवाने शिकवलं, चुका पोटात घाला.

बाळा खाडीकाठ, तुझ्या काकांनी बरोबर सांगितलं. पण तू लिहिलंस ते वाचून मला हसूही आलं, कारण आमच्या आजीला यातलं 'क' माहीत नव्हतं. कोकणात आमची माणसं तेलाचे घाणे चालवायची. शनिवारी घाणा बंद, म्हणून शनिवार तेली म्हणायचे आम्हाला. हिब्रू पुस्तकं हरवली होती, भाषा हरवली होती. दाविद राहाबी, आम्हाला पुन्हा धर्म शिकवणारे, आले तेव्हा त्यांना आमच्या लोकांजवळ काय मिळालं? शनिवार पाळणं, सुंता, खवल्यांशिवायचा मासा न खाणं, आणि 'शेमा'. एवढंच. शेमा म्हणजे 'ऐक इस्राएल, परमेश्वर आमचा देव, परमेश्वर एक आहे'. बाळ जन्मलं की शेमा, लग्नात शेमा, माणूस गेला की शेमा. अर्थ कळो न कळो, त्या एका ओळीवर शेकडो वर्षं निघाली.

आजी उजव्या हाताने डोळे झाकून म्हणायची. शेवटचा शब्द 'एहाद', म्हणजे एक. तो ओढायची, श्वास संपेपर्यंत. लहानपणी आम्ही बोटांवर मोजायचो, कितीपर्यंत ओढते ते. इकडे आल्यावर कळलं की रब्बी (धर्मगुरू) अकिवांना रोमनांनी लोखंडी फण्यांनी सोलून मारलं तेव्हा ते हाच शब्द ओढत होते आणि त्यातच प्राण गेला, असं तालमूदमध्ये आहे. आजीला हे कुणी सांगितलं असेल? कुणी नाही. ती नुसतं ओढायची.

शेमानंतर एक ओळ हळू म्हणतात, 'त्याच्या राज्याच्या वैभवाचं नाव सदासर्वकाळ धन्य असो'. मंदिरात नाव ऐकल्यावर लोक जे म्हणायचे ना, तीच ही. हळू का, त्याची गोष्ट आहे. राजकन्येला मसालेदार कालवणाच्या खरवडीचा वास आला. मागावी तर लाज, न मागावी तर जीव तळमळतो. म्हणून दासींनी गुपचूप आणून दिली. तशी ही ओळ, गुपचूप. फक्त योम किप्पूरला मोठ्याने म्हणतात. आमच्या ठाण्याच्या मशिदीत (म्हातारी माणसं सिनॅगॉगला मशीदच म्हणायची) त्या दिवशी सगळे एकदम मोठ्याने म्हणायचे तेव्हा अंगावर काटा यायचा.

खरवडीची गोष्ट मला तुमच्या सगळ्या सेफिरांपेक्षा जास्त कळते.

निंबोणी

मावशी, _/\_. खरवड वाचून डोळ्यांत पाणी आलं. आमच्याकडे दुधाच्या खरवडीवरून भावंडांत मारामारी व्हायची.

दगडधोंडे

मावशींनी सांगितलेल्या दोन ओळींवरच 'झोहर'मध्ये मोठी इमारत आहे. झोहर म्हणजे कब्बालाचा मुख्य ग्रंथ. तेराव्या शतकाच्या शेवटी स्पेनमध्ये प्रकट झाला. परंपरा तो दुसऱ्या शतकातल्या शिमोन बार योहाय यांचा मानते. कब्बालाचे अभ्यासक गेर्शोम शोलेम यांनी विसाव्या शतकात भाषेच्या पुराव्यावरून तो मुख्यतः मोशे दे लेओन यांच्या हातचा ठरवला. तर झोहर म्हणतो, शेमाची ओळ म्हणजे वरचं ऐक्य आणि हळू म्हणायची ओळ म्हणजे खालचं ऐक्य. वर सगळं एकात विरतं. खाली हे जग, हे राज्य, त्यातच तो एक आहे. दोन्ही म्हणायचं. खाडीकाठ यांच्या 'आहे की व्हायचं आहे'ला यातून उत्तर मिळतं की नाही माहीत नाही, पण प्रश्न त्यांना दिसला होता.

आकडेमोड

मी नास्तिक, त्यातून संगणकवाला. तरी एक विचारतो. अक्षरांना किंमत देऊन बेरजा जुळवायच्या, याला गेमात्रिया म्हणतात ना? चार अक्षरांची बेरीज १०+५+६+५, म्हणजे २६. 'एहाद' (एक) १३, 'अहावा' (प्रेम) १३, दोन्ही मिळून २६. वा! 'एलोहीम' ८६ आणि 'हातेवा' (निसर्ग) ८६. वा वा! असं कशाचंही जुळतं हो. मला अर्धा तास द्या, 'वडापाव' आणि 'मोक्ष' जुळवून दाखवतो.

अश्दोदची मावशी

जुळव की. पण हेही मोज. चार अक्षरांचे २६, आणि त्याच्या जागी आपण वाचतो त्या अदोनायचे आलेफ १, दालेत ४, नून ५०, योद १०, म्हणजे ६५. मिळून किती?

आकडेमोड

९१.

अश्दोदची मावशी

आता आमेन मोज. आलेफ १, मेम ४०, नून ५०.

आकडेमोड

९१. बरं. हे आवडलं. लिहिलेलं नाव अधिक वाचलेलं नाव म्हणजे आमेन. योगायोग आहे, पण चांगला लिहिलेला योगायोग आहे.

दगडधोंडे

आणि हा खेळ कागदावर राहत नाही. इसहाक लुरिया, 'आरी', १५७० मध्ये इजिप्तहून सफेदला आले आणि १५७२ मध्ये साथीत वारले, वय ३८. दोनच वर्षं, स्वतः फारसं लिहिलं नाही, शिष्य हायिम व्हितालने लिहून ठेवलं. त्यांच्या ध्यानपद्धतीत ही दोन नावं डोळ्यांपुढे एकमेकांत विणायची: योद-आलेफ-हे-दालेत-वाव-नून-हे-योद. एक अक्षर न उच्चारल्या जाणाऱ्या नावाचं, एक उच्चारल्या जाणाऱ्याचं, वेणी घालावी तसं. या प्रकाराला 'यिहुद' म्हणतात, शब्दशः ऐक्य करणं. सुरुवात योदने, शेवटही योदने. जुन्या प्रार्थनापुस्तकांत ही आठ अक्षरी वेणी छापलेली दिसते.

विश्वाबद्दल त्यांचं सांगणं थोडक्यात असं: अनंताने जागा करून देण्यासाठी स्वतःला आवरलं, पात्रांत प्रकाश ओतला, पात्रं फुटली, ठिणग्या जगभर सांडल्या. माणसाचं काम त्या वेचून वर पाठवायचं. तुकड्यांची भाषा तिथून इतकी घट्ट झाली.

त्यांच्याआधी तीनशे वर्षं अब्राहाम अबुलाफियाची तऱ्हा वेगळीच. जन्म १२४०, स्पेनमधलं साराओसा. त्याला सेफिरांत फार रस नव्हता, अक्षरांत होता. चार अक्षरं एकेका स्वराबरोबर फिरवून म्हणायची, श्वास मोजून, आणि स्वराच्या खुणेप्रमाणे डोकं हलवायचं. होलामची खूण अक्षराच्या वर ठिपका, तर डोकं वर. हिरिकचा ठिपका खाली, तर डोकं खाली. म्हणजे न उच्चारायच्या नावाचा सगळ्यांत धीट साधक हाच. १२८० मध्ये हा बाबा पोप निकोलस तिसरा याला भेटायला निघाला. पोपने त्याला जाळण्याचा हुकूम काढून ठेवला होता म्हणतात. तो गावात शिरतो तोच पोप वारला. २८ दिवस कोठडीत ठेवून सोडून दिलं.

सोऽहम्

श्वास, जप, शिराची हालचाल. हा योगच झाला. आणि तरी आपण म्हणायचं की संबंध नाही.

दगडधोंडे

@सोऽहम्, मोशे इदेल यांनी अबुलाफियावर आयुष्य घातलं, आणि योगाशी साम्य त्यांच्याही नजरेत आलंय. सूफींच्या झिक्रशीही (नामस्मरणाशी) आहे. साम्य म्हणजे उसनवारी नव्हे, एवढंच म्हणतो.

मला मोठा फरक जाणवतो तो दुसरीकडे. आपल्याकडे नाम ही सगळ्यांत स्वस्त, सगळ्यांना मोकळी वस्तू. कांदे निवडताना घ्या, दळताना घ्या. तिथे नाव आहे ते जपून ठेवायचं, आणि रोज तीनदा प्रार्थना करणारा माणूस रोज शेकडो वेळा ते डोळ्याने बघतो आणि तोंडाने दुसरंच म्हणतो. आयुष्यभर.

खाडीकाठ

@दगडधोंडे, यावरच तालमूदमधलं एक वाक्य मला सापडलं आणि माझा गाडा थोडा पुढे सरकला. जखऱ्या संदेष्ट्याचं वचन आहे की 'त्या दिवशी परमेश्वर एक असेल आणि त्याचं नाव एक असेल'. यावर तालमूद सरळ विचारतो: का, आज तो एक नाही? आणि उत्तर देतो की हे जग येणाऱ्या जगासारखं नाही. इथे नाव योद-हेने लिहितात आणि आलेफ-दालेतने वाचतात. तिथे लिहितील तसंच वाचतील.

म्हणजे देवाच्या एक नसण्याचा पुरावा म्हणून ते बोट कुठे ठेवतात, तर लिहिलेलं आणि वाचलेलं यातल्या फटीवर. कुणी डोळ्याने चार अक्षरं बघून तोंडाने 'अदोनाय' म्हणतो तेव्हा ती फट रोज उघडी असते. आणि मावशींचं ते ९१, आमेन, त्या फटीवर घातलेला टाका. मी डीटीपीवाला, माझं आयुष्य 'लिहिलंय एक, वाचतात एक' यातच जातं, म्हणून असेल, पण मला हे फार जवळचं वाटलं.

आणि एक, रंगात आलोय म्हणून सांगतो. पान ८ वरची ओळ सगळ्यांना मान्य नव्हती. प्रागचे रब्बी यहेज्केल लांदाऊ अठराव्या शतकात तिच्यावर चांगलेच भडकले. त्यांच्या मते कृत्य करावं, हेतूची घोषणा कशाला? न समजणाऱ्यांच्या तोंडी हे वाक्य घालणं हीच त्या पिढीची खोड. काकांना मी हे सांगितलं. म्हणाले, "असेल. पण आमच्या पुस्तकात आहे, तू छाप."

आकडेमोड

मावशी, एक विचारायचं राहिलं. दाराच्या चौकटीवर ती तिरकी डबी लावतात, मझुझा. त्यात काय असतं?

अश्दोदची मावशी

आत चामड्याची गुंडाळी, तिच्यावर हाताने लिहिलेला शेमा. सात वर्षांत दोनदा उघडून तपासतात, अक्षर फुटलं का बघायला. लिहिणाऱ्याला सोफेर म्हणतात. नाव लिहिण्याआधी तो तोंडाने म्हणतो की मी हे नावाच्या पावित्र्यासाठी लिहितोय. नाव लिहिताना राजाने जरी विचारपूस केली तरी उत्तर द्यायचं नाही असा नियम आहे. चुकलं तर नाव खोडता येत नाही.

शेजारी अश्केनाझी (युरोपाकडचे यहुदी) राहतात, त्यांची तपासायला सोफेर आला होता तेव्हा मी बघितलं. त्यांच्या गुंडाळीच्या मागच्या बाजूला उलटं लिहिलेलं होतं, 'कूझू बेमुख्साझ कूझू'. आमच्यात नसतं ते. काय ते मला सांगता येणार नाही.

आकडेमोड

मावशी, मी सांगतो, आत्ता बसून काढलं! प्रत्येक अक्षराच्या जागी वर्णमालेतलं पुढचं अक्षर. योदचं काफ, हेचं वाव, वावचं झायिन, हेचं वाव: कूझू. शेमातलेच 'परमेश्वर आमचा देव परमेश्वर' हे तीन शब्द एक घर पुढे सरकवलेत. कॉलेजात आम्हाला हा पहिला सायफर म्हणून शिकवायचे, सीझरच्या नावाने. नाव लपवायचं, पण ते ज्याला काढायचंय त्याला काढता आलं पाहिजे, असा हा प्रकार. तुमच्या देवावर विश्वास नाही, पण त्याचे प्रोग्रॅमर आवडले.

निंबोणी

खाडीकाठ, पुस्तिका छापली का शेवटी? आणि संगणकावरच्या चुकलेल्या फाइलींचं काय केलंत? त्याही पुरल्या?

खाडीकाठ

छापली. दोनशे प्रती. पान १५ वर टेत-वाव, पान ८ वर रेघा जागच्या जागी. कापताना दोन प्रती मशीनमध्ये फाटल्या, त्या काकांच्या पिशवीत गेल्या.

फाइलींचं मी विचारलं होतं. 'फायनल', 'फायनल२' आणि 'खरंच_फायनल' अशा तीन पडल्या होत्या, पहिल्या दोन डिलीट करायला हात होईना. काका म्हणाले, स्क्रीनवरचं अक्षर लिहिलेलं धरत नाहीत असं बहुतेक रब्बींचं मत आहे, खुशाल उडव. कागदावर उतरलं की मग जबाबदारी.

निंबोणी

मग अजून एक. मला हा धागा प्रिंट काढून आईला द्यायचाय, तिला स्क्रीनवर वाचवत नाही. आपण सगळ्यांनी देवनागरीत योद-हे-वाव-हे असं किती वेळा लिहिलंय. ती पानं नंतर रद्दीत चालतील का?

खाडीकाठ

अक्षरांची नावं लिहिलीत, नाव नाही लिहिलं, त्यामुळे चालावीत. पण विचारलेलं बरं. आत्ताच काकांना फोन लावला, उचलला नाही. दुसऱ्यांदा लावणार तेवढ्यात कॅलेंडरकडे लक्ष गेलं, आज शनिवार. उद्या विचारून सांगतो, तोवर प्रिंट थांबव.